भित्र्यांना आधी नेणारे सोमाजीभाऊ

वैनगंगेच्या आमच्या घाटावर कोणी डोंग्यात पाय ठेवण्याआधी नावाडी सोमाजीभाऊ त्याला एकच प्रश्न विचारायचे, "भेव लागते का?" 'नाही' म्हणणाऱ्याला ते काठावर बसवून ठेवत आणि 'हो' म्हणणाऱ्याला हात धरून आधी आत घेत. "भेणारा मानूस हलत नाई. मले न हलणाराच पायजे," असं त्यांचं म्हणणं. मी तर प्रश्न यायच्या आधीच मान डोलवायचो. मला पोहता येत नव्हतं आणि खोड कोरून केलेल्या त्या अरुंद डोंग्याचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असायचा.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी अलीकडच्या गावात मास्तर होतो आणि नाटकात बायकांची कामं करायचो. दिवाळी झाली की पलीकडच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरे. नाचगाण्याच्या दंडारी, नाटकं आणि घरोघरी पाहुणे. नदीला पूल नाही, गावात धर्मशाळा नाही. सोमाजीभाऊंचं घर पलीकडच्याच काठावर होतं आणि आपण उतरवलेल्या प्रत्येकाची सोय लावायचं काम त्यांनी आपणहून गळ्यात घालून घेतलं होतं. "तुमी दोघं जनाबाईच्या पडवीत जा, तिथी झोपाले धानाची नवी तणस टाकली हाय. अन् तू घोरतोस, तू गोठ्यात." कोण घोरतो हेही त्यांच्या लक्षात असे.

त्या वर्षी आमच्या नाटकात राजा होणाऱ्या गणपतला सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं. सोमाजीभाऊंनी विचारताच त्याने बेधडक ठोकून दिलं, "लागते ना भाऊ, लई लागते." तो खोटं बोलतोय हे मला ठाऊक होतं. मी हसलो आणि गप्प बसलो. ते हसणं मला आजही छळतं.

आम्हा दोघांनाच घेऊन डोंगा मधल्या धारेला लागला आणि पलीकडून ढोल वाजू लागले. लोकांनी गणपतला ओळखलं होतं. तो उभा राहिला आणि त्याने राजासारखे दोन्ही हात वर केले. डोंगा कलंडला, गणपत धोतरासकट पाण्यात गेला. आत भसकन पाणी शिरलं.

"मास्तर, हलू नका! तसेच बसून राहजा!" सोमाजीभाऊ ओरडले आणि त्यांनी उडी टाकली. त्यांच्या हातातला बांबू वाहून गेला. कमरेएवढ्या पाण्यात बसलेला मी डोंग्यासकट एकटाच धारेबरोबर वाहत चाललो. पुढे खडकांवरून पाणी खळाळत होतं, तो आवाज जवळ येत होता. मी डोळे मिटून दोन्ही काठ घट्ट धरले. घरी बायकोला सहावा महिना होता. ती आता दिवा लावत असेल, एवढं एकच डोक्यात येत होतं. मरणाची भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

खडकांच्या अलीकडे डोंगा रेतीत रुतला. सोमाजीभाऊ काठाने धावत आले. माझी बोटं सुटेनात, ती त्यांनी एकेक करून सोडवली. गणपतला त्यांनी जिवंत बाहेर काढलं होतं.

"मला सोडून गेलात?" मी विचारलं.

"तो बुडून राह्यला होता, मास्तर. तुमी बसून होते."

"आणि मी उठलो असतो तर?"

ते रेतीत बसले आणि धाय मोकलून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "तुमच्या घरी बाईले सांगू नका."

मी सांगितलं नाही. आमच्या मुलाच्या बारशाला ते दोन्ही हात पसरावेत एवढा, वाव्हभर मोठा मासा घेऊन आले. पुढे बाजाराच्या दिवशी हमखास यायचे, ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, मुलाला मांडीवर खेळवायचे. बायकोशी बोलताना मात्र त्यांची नजर जमिनीवर असे. तिला वाटे, माणूस लाजाळू आहे.

काही वर्षांनी हिवतापाने सोमाजीभाऊ गेले. माती देऊन घरी आलो, अंघोळ केली आणि बायकोला सगळं सांगितलं. माझं हसणंही सांगितलं. ती मुलाला थोपटत होती. तिचा हात थांबला.

"त्यायनं बराबर केलं," ती म्हणाली. मग तिने पदर तोंडाला लावला. "पर मले तवाच सांगितलं असतं ना, त म्या त्यायले ओसरीवर बी चढू देलं नसतं."