सुलूमावशीनं नाकारलेलं प्रभुभोजन

निर्मलाताईंचा फोन आला तेव्हा मी देवळ्याला मामाकडे होते. सुलूमावशीला जरा आराम पडला होता, म्हणून तिनंच मला बळेबळे पाठवलं होतं. "मंजू, ये आता," शेजारच्या निर्मलाताई एवढंच म्हणाल्या आणि मला कळलं. नाशिकला पोहोचले तर शरणपूरच्या आमच्या घरासमोर खुर्च्या मांडल्या होत्या, आणि दारात उभे राहून आमच्या चर्चचे पाळकसाहेब येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "बाई तारणाच्या पूर्ण खात्रीनं प्रभूकडे गेल्या." ते कानावर पडलं आणि रडू यायच्या जागी राग आला. त्याला आता महिना होऊन गेला. राग निवला की लिहू, असं ठरवलं होतं. तो निवत नाहीये, म्हणून तसंच लिहिते आहे.

सुलूमावशी, म्हणजे सुलोचनाबाई, माझ्या आईची धाकटी बहीण. मूळची देवळ्याकडची, लग्न होऊन नाशिकला आली आणि महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवण्यात तिची हयात गेली. माझी आई लवकर गेली, तेव्हा मला तिनं आपल्याकडे आणलं आणि वाढवलं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, देवाघरी गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो... ती, तिचा मुलगा अमोल आणि मी. आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. रविवारी उपासनेआधी ती लहान मुलांची शब्बाथ शाळा घ्यायची. आमच्या चर्चच्या मंडळीतली निम्मी माणसं तिच्यासमोर सतरंजीवर बसून प्रार्थना शिकली आहेत. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला कुणी तयार नसलं की स्वतः घोंगडी पांघरून उभी राहायची. तारणाबद्दल, म्हणजे प्रभू कुणाला वाचवतो याबद्दल, तिनं कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही. "त्यानं आपल्याला पदरात घेतलंय, आता नीट वागा," एवढाच तिचा धर्मोपदेश.

अमोल माझ्याहून तीन वर्षांनी लहान. कॉलेजात असताना त्यानं मंडळीसमोर उभं राहून प्रभूवर विश्वास ठेवल्याची साक्ष दिली होती. मी ऐकली आहे ती. शब्द अडखळत होते, पण खोटं काही नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं त्याच्या गिटारशिवाय आमच्याकडे गाणं सुरू व्हायचं नाही. मग सातपूरच्या कंपनीतली नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली ती परत आली नाही, आणि तो दारूत बुडत गेला. मंडळीतले लोक समजवायला यायचे. एकदा त्यानं चर्चच्या फाटकाशी पाळकसाहेबांना सांगितलं, "साहेब, माझ्यात विश्वास उरलेला नाही. उगाच येऊन बसत नाही." प्रामाणिक माणूस प्रामाणिकपणे बोलला. त्याचं ते वाक्य मंडळीनं जपून ठेवलं.

तो काविळीनं गेला. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत एका दुपारी त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आई, प्रार्थनेतलं मला काही आठवत नाही गं." मावशीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "तू नको आठवू. मी म्हणते." तिनं प्रार्थना म्हटली. तो ओठ हलवत होता की नुसता श्वास घेत होता, हे मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी असूनही सांगू शकणार नाही.

दफनाला पाळकसाहेब आले, पण त्यांनी विधी उरकला. माती देताना मृताचं नाव घेऊन पुन्हा उठण्याच्या पक्क्या आशेचे शब्द म्हणतात, ते त्यांनी म्हटलेच नाहीत. इतरांच्या लक्षात आलं नसेल. मावशीच्या आलं. इतक्या मयतींना ती उभी राहिली होती की तो विधी तिला तोंडपाठ होता.

 काही दिवसांनी तिनं पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांच्यासोबत चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातले भास्करकाका आले. ते मावशीच्या यजमानांचे जुने मित्र होते, अमोलला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेले. मी चहा दिला. मावशीनं सरळ विचारलं, "ते शब्द का गाळले?"

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, तारण कृपेनं मिळतं, पण ते राखावंही लागतं. माणसानं स्वतःहून पाठ फिरवली तर ते जातं. अमोलनं माझ्यासमोर सांगितलं होतं. मी खोटी आशा कशी देऊ?"

मला वाटलं, भास्करकाका काहीतरी बोलतील. ते बोललेही. "साहेब, हे मला मान्य नाही. देव एकदा दिलेलं परत घेत नाही. ज्याचं तारण झालं तो शेवटपर्यंत टिकतोच." मावशीनं मान वर केली. काका पुढे म्हणाले, "जो टिकला नाही, त्याचं मुळात झालंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ."

आणि मग ते दोघे त्यावर बोलत बसले. एक वचन याचं, एक त्याचं. एक म्हणे गमावलं, दुसरा म्हणे नव्हतंच. आवाज न चढवता, मध्ये चहाचे घोट घेत, जणू शेजारच्या कुणा त्रयस्थाची गोष्ट चाललीये. भिंतीवर अमोलचा फोटो होता आणि त्याचा हार अजून सुकायचा होता. मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. शहाण्यासुरत्या, देवभीरू माणसांनी दोन्हींकडून आयुष्य वेचलंय, आणि त्यांतली खरी कोणती हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत दोन्ही मतांचा उपयोग एकाच कामासाठी झाला. एका आईला तिच्या मुलापासून तोडण्यासाठी.

मावशी रागावली की तिच्या तोंडी लहानपणची अहिराणी यायची. "मंग तो आते कोठे शे?" तिनं विचारलं. मग तो आत्ता कुठे आहे?  तिनं त्यांच्या हातातले अर्धे भरलेले कप काढून घेतले आणि म्हणाली, "या आता."

त्यानंतर ती चर्चला जायची थांबली नाही. दर रविवारी जायची, गाणी पूर्वीसारखीच मोठ्यानं म्हणायची. पण प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, वेळ आली, सगळे उठून पुढे गेले, की ती बाकावर बसून राहायची. पहिल्यांदा बायकांनी हाताला धरून उठवायचा प्रयत्न केला. तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माझ्या मुलाचं पान आधी वाढा. मग मी जेवीन." वर्षानुवर्षं हे चाललं. पुढे लोक कुजबुजू लागले की बाईंचंच तारण आता धोक्यात आहे. एका रविवारी उपदेशातही ते आलं, नाव न घेता. घरी येताना मी रस्ताभर धुमसत होते. ती मात्र शांत होती. म्हणाली, "जात असेल तर जाऊ दे मंजू. तो जिथं असेल तिथं मी जाईन. एकटं कसं ठेवायचं त्याला?"

 जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना देवाची गोडी लावलेल्या बाईवर असं बोलायची पाळी आणली कुणी?

शेवटच्या आजारात पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. मावशी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "अमोलसाठी ते शब्द म्हणा साहेब. इथंच म्हणा, कुणाला सांगणार नाही. मग देते हात पुढे."  त्यांनाही त्रास होत होता, हे मी नाकारत नाही. "शास्त्राबाहेर मला जाता येत नाही, बाई," ते म्हणाले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांनी भाकर आणि द्राक्षारस परत पिशवीत ठेवला.

आणि तेच पाळकसाहेब तिच्या दारात उभे राहून तारणाच्या खात्रीच्या गोष्टी करत होते. दफनाला सारी मंडळी लोटली होती, तिचे जुने विद्यार्थी लांबून आले होते. अमोलच्याच कबरीत तिला ठेवायचं होतं. या वेळी एकही शब्द गाळला गेला नाही. पक्क्या आशेचे ते शब्द त्यांनी सावकाश, भरल्या आवाजात म्हटले. म्हणजे शास्त्रात जागा होती. त्यांच्याच हिशेबानं जिचं तारण धोक्यात होतं, तिच्यासाठी त्यांना जागा सापडली. निवृत्त शिक्षिकेसाठी होती, दारुड्या पोरासाठी नव्हती.

"अमोलचंही नाव घ्या," मी म्हणाले.

पाळकसाहेब म्हणाले, "आपण नंतर बोलू, ताई."

"नंतर नाही. तो इथंच आहे, तिच्याखाली."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग मीच म्हटले ते शब्द. अमोलचं नाव घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंडपाठ. माझ्या आवाजात भक्ती नव्हती, राग होता. पहिल्यांदा मी एकटीच होते. मग निर्मलाताईंचा आवाज आला, मग मावशीच्या शब्बाथ शाळेतल्या दोन-तीन जणांचा. बरेच लोक खाली मातीकडे बघत उभे राहिले. भास्करकाकांनी शेवटच्या 'आमेन'ला तोंड उघडलं. मला त्यांचा आवाज ऐकू आला नाही, ते रडत होते.

वडीलमंडळानं मला बोलावून घेतलं. मी विधीचा अपमान केला असं त्यांचं म्हणणं आहे. मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही.

मागच्या आठवड्यात घराचं दार नीट करायला सुतार बोलावला, कारण बिजागरी करकरत होती आणि आतली वरची कडी, जी रात्री नेहमी मावशीच बघायची, सरकतच नव्हती. त्यानं बोटानं गंज खरवडला आणि म्हणाला, "ही कडी कित्येक वर्षांत कुणी लावलेली दिसत नाही." निर्मलाताई ओट्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "बाई लावायच्याच नाहीत. अमोल पिऊन कुठल्याही वेळी यायचा, त्याला दार वाजवायला लागू नये म्हणून. तो गेल्यावर मी म्हटलं, आता तरी लावा. म्हणाल्या, राहू दे तशीच."

सुतारानं विचारलं, तेल घालून मोकळी करू की नवी बसवू? मी त्याला म्हटलं, "बिजागरी तेवढी बघा. कडीला हात लावू नका."