न पाहता लेकरू सोपवणारे

मंडळी, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. जीव थाऱ्यावर नाही.

आज माझ्या नातीला, पूजाला, मोबाइलवर लंडनची नोकरी आली. तिथं त्यांच्या घरी राहून तान्हं बाळ सांभाळायचं. मुलाखत नाही. पासपोर्ट पाठवा आणि घरी सांगू नका.

मी विचारलं, "बाळ रडकं हाय का? नाव काय त्याचं?"

"त्यांनी सांगितलं न्हाई, आबा."

"म्हशीला गडी ठेवायचा तरी आपण त्याच्या गावात चौकशी करतो. ह्यांनी पोटचं लेकरू असंच दिलं व्हय?"

पूजानं बाळाचं नाव विचारलं, तर तिकडून घाण शिवी आली. लेकराच्या नावावर पोरी फसवणाऱ्यांची किळस येते.

पूजाच्या ओळखीची वडीगोद्रीची कविता याच नोकरीसाठी उद्या मुंबईला निघतेय. तिचा फोन लागत नाही. तिचं घर कुणाला माहीत असेल तर जल्दी कळवा.