सही आणि फाटक

मावशी दवाखान्यात नव्यानं लागल्या तेव्हाची गोष्ट. औषधांच्या खोलीत त्या कपाट पुसत होत्या आणि पलीकडे मोठे डॉक्टर नि थोरल्या सिस्टर यांची जुंपली. डॉक्टरांचं म्हणणं, घरी सोडायच्या कागदावर मी सही केली की तो माणूस गेला, खाट रिकामी धरा. सिस्टर काही ऐकेनात.

"तुमची सही दोन सेकंदांत होते," त्या म्हणाल्या. "लेक न्यायला येईपर्यंत त्याला पाणी मी पाजते, चादर मी बदलते. फाटकाबाहेर पडेपर्यंत तो माझा पेशंट."

डॉक्टर राउंडला निघून गेले. मावशींनी मात्र सिस्टरांच्या बोलण्याची खूणगाठ बांधली.

पुढे म्हाताऱ्यांच्या चोवीस खाटांच्या वॉर्डात रोजची मोजणी त्यांच्याकडे आली. कोण आलं, कोण गेलं, ते वहीत लिहायचं नि दहाच्या आत ऑफिसात नेऊन द्यायचं. शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे असे गोल की कारकुनानं लाजावं. सगळे त्यांना मोजणीमावशी म्हणत. गेल्याची तारीख त्या लिहीत ती माणूस फाटकाबाहेर पडला त्या दिवसाची. एकोणीस वर्षं.

मग वरच्या ऑफिसातून आकडेवाली बाई आली. पोरसवदा, पण डोकं तल्लख. तिनं चाळीस दवाखान्यांतले वॉर्ड कॉम्प्युटरात घातले. खाटा किती, नर्स किती, माणूस किती दिवसांत बरा होऊन घरी जातो, सगळं. त्यातून एक रेघ निघाली. चांगले वॉर्ड रेघेवर, बाकीचे खाली. मावशींचा म्हाताऱ्यांचा वॉर्ड तळाला, अगदी गाळासारखा. तळाचे वॉर्ड बंद करायचे, असं घाटत होतं.

 त्या दिवसापासून मावशी चोवीस खाटा दोनदोनदा मोजू लागल्या. नवऱ्यानं विचारलं, जेवण का जात नाही, तर म्हणाल्या उजवीकडची दाढ दुखते. त्यांना दाढच नव्हती त्या बाजूला, हे त्या माणसाला तीस वर्षांत कळलं नव्हतं ते एक बरं.

वॉर्ड गेला तर हे म्हातारे कुठे जाणार? तेरा नंबरच्या आजोबांची सही होऊन आठ दिवस झाले होते, भाचा आज येतो उद्या येतो करत होता. ते आठही दिवस मावशींच्या वहीत होते. तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी आकडेवालीला सहज विचारल्यासारखं विचारलं, बाकीचे दवाखाने गेल्याची तारीख कुठली धरतात? सहीची, ती म्हणाली. न्यायला कोणी येईना तर तो वेगळ्या यादीत, त्याचे पुढचे दिवस धरत नाहीत.

म्हणजे त्यांच्या वहीनंच वॉर्डाचे दिवस वाढवून त्याला तळाला नेलं होतं. दोन दिवस त्या जुन्या वह्या उघडत नि मिटत राहिल्या. एकोणीस वर्षं चुकीचं लिहिलं असं कबूल करायचं, तेही निवृत्तीला पंधरवडा उरला असताना. पण तेरा नंबरचे आजोबा रोज विचारत, "मावशी, इथून उठवतील का हो आम्हाला?" तिसऱ्या दिवशी त्या वही छातीशी धरून आकडेवालीपुढे उभ्या राहिल्या.

"चूक माझ्या हातची आहे. वॉर्डाला शिक्षा नको."

तिनं वही चाळली, मग त्यांना खुर्ची दिली. "तुम्ही खोटं काही लिहिलं नाहीत, मावशी. माप वेगळं धरलंत. पण सहीचे कागद लागतील मला."

चार दिवस दोघी जुन्या कागदांच्या खोलीत धूळ खात बसल्या. कागदावरची सही शोधायची, तारीख वाचायची, पुढचा. काही कागद सापडलेच नाहीत. आकडे पुन्हा घातले. वॉर्ड वर सरकला, पण रेघेला टेकला नाही, बोटभर खालीच राहिला. वर्षभर चालू ठेवा, मग परत मोजू, असं ठरलं. मावशींचा जीव अर्धाच भांड्यात पडला.

शेवटच्या दिवशी त्यांनी खाटा मोजल्या. एकदाच. तेरा नंबरसमोर गेल्याच्या रकान्यात सहीची तारीख घातली. समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं: अजून इथेच आहेत. मग पदराला हात पुसले, आणि दहाला पाच कमी असताना वही घेऊन ऑफिसाकडे निघाल्या.