एकच रस्ता माहीत असलेली मडम

भुताखेतांचं कुणी सांगायला आलं की मी आधी विचारते, जेवलात का? रिकाम्या पोटी माणसाला काहीही दिसतं. आमच्या चाळीत टोकाच्या संडासाबद्दल बायका काय काय बोलायच्या... संध्याकाळनंतर जोडीने जायच्या. मी एकटी बादली घेऊन जायचे. घाई असलेल्या माणसाला भीती परवडत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, पण अक्कल काही शाळेत वाटत नाहीत. तेव्हा हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. मलाच उलगडत नाहीये, म्हणून लिहितेय. मी हाताने लिहिलंय, मुलगा टाईप करतोय आणि मध्ये मध्ये हसतोय. हसू दे.

राहायला लालबागला. आमची चाळ पाडून तिथेच टॉवर झाला, त्यात अकराव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. चाळ गेली, पण गेट होतं तिथेच आहे, पिंपळासमोर. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली.

मुलगा महेश नोकरीला पोलंडमध्ये होता. तिथलीच मार्ता, तिच्याशी लग्न केलं. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर दोघं इथे राहायला आली. जमलं तर कायमचं, नाहीतर परत — असं त्यांचं आपसात ठरलेलं. मला ते नंतर कळलं.

मुलगी वाईट नाही. उंच, केस मुलासारखे कापलेले, पायात कायम पॅन्ट. मराठीचे पाच-सात शब्द यायचे. त्यातला "नंतर" सगळ्यात पक्का. मी काहीही खायला पुढे केलं की, "आई, नंतर." माझ्यापासून वाचायला महेशने पहिला तोच शिकवलेला.

पण तिला हे शहर झेपेना. फोनमधला नकाशा म्हणायचा पोचलात, आणि समोर भिंत. एकदा घोडपदेवला जाऊन निघाली. लोक टकामका बघायचे, गाडीवाले कानात हॉर्न मारायचे. घरी आली की बाथरूमचा नळ सोडून आत रडायची. मी दारावर थाप मारून सांगितलं, "रडायचंय तर बाहेर बसून रड. पाणी कशाला वाया घालवतेस?" महेशने काय भाषांतर केलं माहीत नाही, पण ती नळ बंद करून बाहेर आली.

मग मीच तिला हाताला धरून एक रस्ता पाठ करून दिला. चिवडा गल्लीतून निघायचं, पितळेच्या भांड्यांच्या दुकानाशी वळायचं, मारुतीचं देऊळ, पुढे पिंपळ, समोर आपलं गेट. म्हटलं, हा एक पक्का कर, बाकी शहर गेलं खड्ड्यात.

रस्ता पाठ झाला, पण मन काही लागलं नाही. एका सकाळी महेश म्हणाला, "आई, तिने रविवारचं तिकीट काढलंय."

"आणि तू?"

"मी इथलं आवरून जाईन मागाहून."

मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. या वयात अकराव्या मजल्यावर एकटं राहायचं म्हणजे दार आतून लावायचं आणि उघडायला कोणी नाही. पण पाया पडून कोणी राहत नसतं.

जायच्या आधी मार्ता तिच्या बहिणीसाठी चिवडा आणायला गेली. भर दुपार. परत आली ती हातात पुड्यांची पिशवी, तोंड लाल आणि हसत! इतक्या दिवसांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले. आणि कानावर, त्या आखूड केसांत, पिनेने अडकवलेला सुरंगीचा वळेसर. सुरंगीचा गजरा हो, आमच्या कोकणात वळेसर म्हणतात.

सुरंगी फुलते शिमग्याच्या पुढेमागे. आणि हे दिवस दसऱ्याच्या आधीचे. वास घरभर झाला.

मी म्हटलं, "हे कुठे मिळालं?"

ती घडाघडा इंग्लिशमध्ये बोलली, महेश सांगत गेला. चिवडा गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी रडत उभी होती. सोळा-सतरा वर्षांची, डोक्यावरून पदर, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, हातात पितळेचा डबा. आजूबाजूचे लोक जणू ती नाहीच असे जात होते. मार्ताने विचारलं, घर कुठे? मुलगी बोलेना. बिल्डिंगचं नाव? तर तिने ओठ घट्ट मिटून मान हलवली. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणाली, "तिसऱ्या माळ्यार."

"मग?" मी विचारलं.

महेश म्हणाला, "मार्ता म्हणते, मला या शहरात एकच रस्ता येतो. म्हटलं तोच दाखवूया. निदान दोघी तरी चालू. तिचा हात धरला आणि आपल्या गेटपर्यंत आणलं. गेट दिसल्यावर ती मुलगी हसायलाच लागली. केसातला गजरा काढून हिला दिला, 'चाय, चाय' म्हणाली आणि आत पळाली. आपल्याच बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी लग्न असेल, आई."

मी खुर्चीत बसले.

आता माझं ऐका. माझं लग्न झालं तेव्हा मी गावाहून पहिल्यांदा मुंबईत आले. पहिलाच आठवडा. सासूला ताप होता, म्हणून गिरणीच्या गेटावर मिस्टरांचा डबा द्यायला मला पाठवलं. डबा दिला, आदल्या पाळीचा रिकामा घेतला आणि येताना वाट चुकले. माणसं चांगली होती, विचारत होती, "खंय ऱ्हवतंस गो? चाळीचा नाव काय?" पण सांगू कशी? चाळीचं नाव नारायण चाळ, आणि नवऱ्याचं नाव नारायण! नव्या नवरीने नवऱ्याचं नाव भररस्त्यात घ्यायचं? मेले असते पण घेतलं नसतं. आता ते गेले, आता खुशाल घेते. तेव्हा मी आपली म्हणत राहिले, "तिसऱ्या माळ्यार." लोक हसून पुढे जायचे. अख्ख्या लालबागमध्ये तिसरे माळे काय कमी?

तेव्हा एका मडमेने मला घरी आणलं. केस कापलेली, पॅन्ट घातलेली, हातात चिवड्याच्या पुड्या. दुकान, देऊळ, पिंपळ — याच रस्त्याने. शिमग्याचे दिवस, माझ्या आईने गावच्या माणसाबरोबर वळेसर धाडला होता, तो मी तिला दिला. म्हटलं, "चाय घेवन जा." ती म्हणाली, "नंतर." एवढाच शब्द. मी सासूला सांगायला आत पळाले, बाहेर येऊन बघते तर नाही.

चाळीने वर्षभर माझी टर उडवली. "काय गो, मडमेन चिवडो तरी दिल्यान काय?" मी ऐकून ऐकून शेवटी स्वतःलाच सांगितलं, ऊन लागलं असेल. त्यानंतर तो विषय मी काढला नाही. महेशला तर कधीच सांगितला नव्हता.

"मार्ताला विचार," मी त्याला म्हटलं, "ती मुलगी चहाला बोलावत होती, तेव्हा ही काय म्हणाली?"

मार्ताने महेशची वाटच पाहिली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "नंतर."

मी उठून इंटरकॉमवर खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम अकेली आयी माताजी. हाथ ऐसे बाजू में रखके, जैसे बच्चे को पकडा हो. हम सोचे, फोन पे बात कर रही है."

मग बदलापूरला सुशीलाला फोन लावला. चाळीतली माझी शेजारीण, त्या दिवशी गॅलरीत केस वाळवत उभी होती. म्हटलं, "सुशीले, माझी मडम आठवते?"

ती खो खो हसली. "अजून ता तुझ्या डोक्यात आसा? गो बाय, तू एकटीच इललंस! हात असो बाजूक धरून. मी वरसून बघी होतंय मां!"

"आणि वळेसर?"

"तो मात्र सकाळी होतो तुझ्या केसात, मगे नव्हतो. सासून तुका किती बोल लावल्यान, आठवता?"

मी फोन ठेवला आणि महेशला सगळं सांगितलं.

महेशचं म्हणणं, तू हे लहानपणी मला सांगितलं असशील, मी मार्ताला सांगितलं असेन आणि तिच्या डोक्यात राहिलं असेल. बरं, मानलं. मग सुरंगी? दादरच्या फुलबाजारात माणूस पाठवून विचारलं, या दिवसांत सुरंगी कुठेच नाही म्हणाले. तो वळेसर सुकून माझ्या डब्यात आहे, अजून वास आहे त्याला. या, हुंगून जा.

मला वेगळाच गुंता सुटत नाही. मार्ताला तो रस्ता मी शिकवला. मला तो मडमेने दाखवला होता. मग मुळात तो कुणाला माहीत होता? आणि आठवडाभर आधीच कंटाळून ती विमानात बसली असती, तर त्या दुपारी मला घरी कोणी आणलं असतं? रात्रंदिवस डोकं खाजवलं. नाही कळत. मी देवालाही विचारलं नाही, त्याला तरी काय कळणार यातलं.

रविवारी ती गेली नाही. महेशने कारण विचारलं तर म्हणाली, आल्यापासून मीच सगळ्यांना रस्ता विचारत होते. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भरवशावर चाललं. वर्ष होत आलं, आता भाजीवाल्याशी भांडते. ती मुलगी कोण, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर महेश वाचून दाखवेल.

त्या दुपारी फोन झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. आलं ठेचून, दोन चमचे साखर घालून. कप तिच्यापुढे ठेवला. ती नेहमीसारखी म्हणाली, "आई, नंतर."

मी म्हटलं, "नंतर नाही. आत्ता. निवेपर्यंत थांबू नकोस, आधीच फार उशीर झालाय."

प्यायली बिचारी. आलं जास्त झालंय म्हणाली.