सदलग्याला गेलेली माणसं

टीव्ही ही वस्तू बघण्यासाठी नसून वेळच्या वेळी झाकण्यासाठी असते, असं मनापासून मानणारं माणूस उभ्या जगात एकच झालं असेल, आणि ते म्हणजे बेळगावच्या आमच्या शहापुरातल्या घरमालकाची थोरली बहीण. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. घरमालक धाकटा भाऊ म्हणून म्हणायचा, त्याची बायको नणंद म्हणून म्हणायची, आणि मी भाडेकरू म्हणून जरा जास्तच वाकून म्हणायचो. सहावीत शाळा सोडून बार्शीकडनं पोटासाठी एवढ्या लांब आलेला माणूस मी. इथं हातमागावर काम मिळालं आणि बायकोपोरीला घेऊन राहायला मागची खोली मिळाली, ती आक्काच्या एका शब्दावर. हे उपकार एवढे मोठे वाटायचे की आक्का नुसती हसली तरी मी विचारात पडायचो. का हसली असेल? खोली सोडा म्हणणार तर नाही?

बेळगावात टीव्ही नुकता दिसायला लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. गल्लीतला पहिला टीव्ही घरमालकानं आणला, तो स्वतःला क्रिकेट बघता यावं म्हणून. तेव्हाचे टीव्ही म्हणजे लाकडी कपाटंच असायची. चार पाय, पुढं दोन्ही बाजूंनी सरकत येणारं शटर आणि मधोमध कुलूप. घरमालकानं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि किल्ली भक्तीनं देव्हाऱ्यापुढं ठेवली. तिथंच चुकलं त्याचं. आक्कानं ती उचलून कमरेच्या चंचीत सुपारीशेजारी टाकली आणि नंतर ती त्याच्या हाताला कधी लागलीच नाही. मॅचच्या दिवशी तो बिचारा उंबऱ्यात उभा राहून गयावया करायचा.

"आक्का, किल्ली दे की गं. मॅच सुरू झाली."

"पोरं जागी हायती. झोपल्यावर बघ."

"मॅच काय पोरं झोपायची वाट बघत थांबती व्हय?"

"मग बघू नको. लांबनं पळत यायचं आणि दगडासारखा चेंडू माणसाच्या अंगावर फेकायचा, आणि हजारो माणसांनी टाळ्या पिटायच्या. हे शिकवायचं पोरांना? त्या पांढऱ्या डगल्यातला माणूस तेवढा शहाणा हाय. कुणाला मारत न्हाय, पळत न्हाय, नुसतं बोट वर करतो. तो आला की बोलव, उघडते."

गल्लीतल्या बारक्या पोरांना काय दाखवायचं आणि काय नाही, हे ठरवायचं काम आक्काला कुणी दिलं नव्हतं. तिनं ते घेतलं, आणि काशीला जाणारं माणूस नेम धरतं तसं धरलं. संध्याकाळी पोरं जमायची. हातपाय धुतल्याशिवाय दिल्लीपुढं, म्हणजे टीव्हीपुढं, बसायचं नाही, हा पहिला नियम. मग आक्का टीव्हीच्या अंगाला पाट घेऊन बसायची. तोंड पोरांकडं, डावा हात शटरवर आणि कान पेटीकडं. पुढं काय दाखवणार आहेत हे तिला तरी कुठनं कळणार? ती वाजंत्रीवर चालायची. बासरी असली की शटर सताड उघडं. सारंगी रडायला लागली की अर्धं. आणि ढोल वाजला रे वाजला की खाडकन बंद! कितीदा तरी नुसतं लग्नच निघायचं, पण आक्काला त्याचं वाईट वाटत नसे. म्हणायची, "लग्न तरी काय लहान पोरांनी बघायची गोष्ट हाय व्हय?"

तिच्या परीक्षेत पास झालेले कार्यक्रम मोजकेच. शेतकऱ्यांचा कार्यक्रम पहिल्या नंबरानं पास. भोपळे, वासरं, शेणखत, सगळं सौम्य. शहापुरातली विणकरांची पोरं, ज्यांनी जन्मात नांगर धरला नव्हता, ती गुरांच्या लाळ्या-खुरकतीवर काय इलाज करावा ते घडाघडा सांगायची. फवारणी आली की मात्र शटर, कारण त्यात किडीला मारतात. बातम्या नापास, पण बाई बातम्या द्यायला आली की आक्का आवाज बंद करून शटर उघडायची आणि म्हणायची, "पोरींनो, काठ बघा. आपल्याकडचा हाय का इरकली? पदर दिसना झालाय, सरक म्हणावं तिला." आणि सगळ्यात आवडती म्हणजे ती दिलगिरीची पाटी. प्रक्षेपण बिघडलं की पडद्यावर पाटी यायची आणि संथ गाणं वाजायचं. घरोघरी लोक कपाळाला हात लावायचे; आमच्याकडं आक्का पोरांना ताठ बसवायची. "बघा रं, एवढ्या मोठ्या दिल्लीतला माणूस, पण चुकलं की माफी मागतोय. शिका जरा." पोरं ती पाटी सिनेमासारखी बघायची.

पण शटर बंद झालं तरी पोरांचं तोंड कुठं बंद होतंय? "आक्का, त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" "आक्का, हरीण पळालं का?" तेव्हा आक्का आतल्या हिंदीवर कान ठेवून पोरांना गोष्ट सांगायची. तिला हिंदी यायचं ते भाजीवाल्यापुरतं, त्यामुळं गोष्ट पुष्कळ सुधारून निघायची. चोर घरभाडं मागायला आलेले असायचे, भांडणारे भाऊ एकमेकांची विचारपूस करत असायचे. आणि जे कोणी मरायचं, राजा असो, हरीण असो, कुणाची आई असो, ते सदलग्याला जायचं.

सदलग्याला, म्हणजे चिकोडीच्या पुढं, आक्काची धाकटी बहीण दिली होती. ऊस, गुऱ्हाळ, बारमाही पाणी. "सदलग्याला गेला गं तो, माझ्या बहिणीकडं. तिथं गुऱ्हाळ लागलंय," असं आक्का मराठीत सांगायची आणि पुढच्या रांगेतल्या कानडी पोरांसाठी लगेच, "सदलगक्क होग्यान." पोरांचं समाधान व्हायचं. सदलग्यात कोणाचं वाईट होत नाही, हे गल्लीभर पक्कं झालं होतं.

माझी बायको उंबऱ्यात सुताच्या कांड्या भरत हे सगळं ऐकायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. "आक्का," ती एकदा म्हणाली, "एक दिवस त्या सदलग्यात पाय ठेवायला जागा उरायची न्हाई बघा."

"हुंदे की गर्दी. बहीण माझी दमाची हाय. सगळ्यांस्नी भाकरी थापून घालती."

पुढच्या पावसाळ्यात बायकोला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग डोळे अगदीच पिवळे झाले तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. घाईत रिक्षात घातली, तिच्या चपला दारातच राहिल्या. पाच वर्षांची आमची पोर, शकू, आक्काकडं ठेवली. दवाखान्यातनं मी एकटाच परत आलो. सगळं तिकडंच उरकलं होतं. शकू उंबऱ्यात बसलेली. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं, माझ्या मागं बघितलं. म्हणाली, "आई?"

 मी आक्काकडं बघितलं. आक्काचा डावा हात आपोआप पुढं आला, शटर ओढावं तसा, आणि ती म्हणाली, "सदलग्याला गेली बाळ. माझ्या बहिणीकडं."

शकू रडली नाही. उठून आत गेली आणि जेवायला बसली. मी आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढं मोठं ओझं तिनं एका वाक्यात उचललं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला नवाच घोर लागला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो, की धोट्याच्या प्रत्येक फेरीला वाटायचं, आज शकू विचारील, आई कधी येणार? रोज रात्री जेवताना शकू आक्काला विचारायची, "आईनं आज काय खाल्लं?" आक्का सांगायची, "काकवी आणि भाकरी." शकूही काकवी मागायची. बाकी पोरांत मिसळणं तिनं सोडून दिलं होतं. टीव्हीपुढं बसायची, पण हसायची नाही. आक्का तिच्यासाठी शटर आणखी आणखी लवकर ओढायला लागली. शेवटी तर दिवसभरात वासरं, भोपळे आणि ती दिलगिरीची पाटी एवढंच उरलं.

आणि घात झाला तो त्या पहिल्या नंबरानं पास झालेल्या कार्यक्रमानंच. एका संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात गुऱ्हाळ दाखवलं. मोठी काहील, वाफ, उसाची चिपाडं आणि भोवती काम करणाऱ्या बाया. बासरी वाजत होती, त्यामुळं आक्का निर्धास्त. शकू उठली, पडद्याला नाक लावून उभी राहिली आणि एकेका बाईचं तोंड बघायला लागली. कार्यक्रम संपला तशी मुकाट्यानं मागं येऊन बसली. 

दुसऱ्या दिवशी मी मागावरनं आलो तर पोर घरात नाही. गल्लीतल्या पोरांना विचारलं. त्यांचा खेळ चालला होता. एकानं मान वर न करता सांगितलं, "शकू व्हय? सदलग्याला गेली."

मी जागच्या जागी खाली बसलो. त्या गल्लीत ह्या शब्दांचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक होतं. मला विहीर दिसली, रेल्वेचं फाटक दिसलं, काय काय दिसलं. आक्का दारात आली होती. तिला माझ्या आधी कळलं. माझा दंड धरून तिनं मला उठवलं. "अरे उठ! ती खरोखरचं सदलगं हुडकाय गेलीया. स्टँडवर चल!"

जन्मात कधी भरभर न चाललेली आक्का त्या दिवशी पळाली. अनवाणी, पदर कमरेला, फाटक ओलांडून, टांगेवाल्यांच्या शिव्या खात. मी मागं. स्टँडवर चिकोडीची गाडी उभी होती आणि खिडकीपाशी माझी शकू बसली होती. धुतलेला फ्रॉक, पावडर लावलेली, आणि मांडीवर आईच्या चपला.

कंडक्टर दारातच उभा होता. "आज्जी, तुमचं हाय व्हय हे पार्सल? तिकीट न्हाय, पैसा न्हाय. सदलग्यात आई हाय म्हणतीया, ती दील म्हणती. पाच मिनटं झाली भांडतोय, ऐकंना झालीया. वर मलाच म्हणती, गाडी का सोडंना?"

आक्का आत चढून शकूशेजारी बसली. धाप लागली होती.

"आक्का, आई बिनचपलांचीच गेली की," शकू म्हणाली. "काल टीव्हीत दिसली न्हाय. चिपाडं टोचत असतील, म्हणून कामाला आली नसंल."

आक्काचा डावा हात उठला. मी दारातनं बघत होतो. तो हात हवेत थोडा सरकला आणि थांबला. तिथं ओढायला काही नव्हतं.

"शकू, तुझी आई सदलग्यात न्हाय."

"मग कुठाय?"

"मेली बाळ."

"टीव्हीतलं हरीण सदलग्याला गेलतं तशी?"

"ते बी मेलतं. सगळी मेलती. म्या खोटं सांगितलं."

शकूनं मांडीवर बघितलं. मग म्हणाली, "मग चपला?"

"चपला तुला. मोठी झालीस की घाल."

तेव्हा शकू रडली. पहिल्यांदा. आणि आक्का असं काही मोठ्यानं रडायला लागली की गाडीतली बाजारकरी माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून उभा राहिला होता, पण ती ओढली मात्र नाही त्यानं. शेवटी हळूच म्हणाला, "सावकाश उतरा आज्जी. गाडी काय पळून जात न्हाय."

पुढच्या रविवारी सकाळी आक्कानं किल्ली काढून भावाच्या हातात ठेवली. "घे. तुझा टीव्ही तू संभाळ. माझ्यानं हुईना." घरमालक एवढा घाबरला की त्या दिवशी मॅच असून त्यानं लावली नाही. पोरांसाठी प्राण्यांचा कार्यक्रम लावून दिला. आक्का सवयीनं पाटावर बसली होती, दोन्ही हात मात्र मांडीत. बदकाची पिल्लं तळ्यात निघाली आणि बासरीमागनं सारंगी सुरू झाली. वरती घार फिरत होती. आक्का डोळे मिटून बसली. शटर तसंच उघडं.

मागच्या रांगेतनं शकू उठली. पुढं येऊन तिनं आक्काचा डावा हात मांडीतनं उचलला आणि शटरवर ठेवला.

"लाव की गं आक्का," ती हळू आवाजात म्हणाली. "बारकी पोरं बसल्यात."

आक्कानं तिच्याकडं बघितलं आणि शटर ओढलं. आतलं पिल्लू कुठं गेलं ते पोरांनी विचारलं, तेव्हा आक्काच्या आधी शकूनंच सांगून टाकलं, "सदलग्याला." घरमालकानं किल्ली परत आणून चंचीत टाकली ती कायमची.

पुढं शहापुरातले माग एकेक करून थांबले आणि मी पोटामागं पुन्हा लांब गेलो, आता तर बार्शीही जवळ वाटावी एवढा. शकूला बेळगावातच, अनगोळात दिली होती. ती दर सणाला आक्काकडं जायची, तिचे केस विंचरायची. मी मात्र फिरकलो नाही. आता जाईन, दिवाळीला जाईन, असं म्हणत वर्षं गेली. एकदा सकाळी शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. फोन म्हटलं की मी अजूनही धसकतो, आणि हे शकूला पुरतं ठाऊक आहे.

"आप्पा," ती म्हणाली, "बसून बोला. बसला का?"

"बसलो. काय झालं?"

 मग ती अगदी जपून, लहान पोराशी बोलावं तशी म्हणाली, "आक्का सदलग्याला गेली, आप्पा."

दुकानदार गिऱ्हाईक करत होता. रस्त्यानं लोक चालले होते. मी विचारलं, "चपला घालून गेली का?"

"न्हाय," शकू म्हणाली. "पण तिथं आई हाय की."