पालखीपुढं उतरणारा राजा

माझ्या सासूबाई बद्रीनाथाला जाऊन आल्या तेव्हा माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. मामंजींना हळदीचं रान सोडून जाववेना, म्हणून त्या आपल्या भावासोबत यात्रेच्या मेळ्यात निघाल्या. परत आल्या तेव्हा रंग करपला होता, टाचा लाकडासारख्या झाल्या होत्या. पार कुरुंद्यासारख्या गावांपासून माणसं त्यांच्या पाया पडायला आली.

बर्फाचं, झुलत्या पुलांचं त्या सगळ्यांनाच सांगायच्या. पण मला आवडायचं ते राजाचं. वाटेत दरड कोसळली आणि मेळा एका पहाडी गावात अडकला. ज्या म्हातारीनं त्यांना ओसरी दिली, तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या देवाची पालखी उचलायचं काम होतं. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत जुन्या राजांच्या कथा सांगितल्या आणि आत्याबाईंनी त्या जिवाचा कान करून ऐकल्या.

"तिथल्या राजाला लोक बोलता बद्रीनाथ म्हणायचे," हळद निवडता निवडता त्या सांगत. "मंदिरातला देव बोलत न्हाई, म्हणून राजानं त्याच्या वतीनं बोलायचं. दार उघडायचा मुहूर्त राजाची पत्रिका पाहून काढायचा. देवाला लावायचं तिळाचं तेल राजवाड्यात राणीनं आन् सवाष्णींनी गाळायचं."

"मग राजा म्हणजे देवच की!" मी म्हणाले.

"न्हाई ना! एकेका खोऱ्याचा एकेक देव. त्याची पालखी समोर आली की राजानं घोड्यावरून उतरायचं, पायातलं काढायचं आन् बाजूला हुभं राहायचं. देव पुढं, राजा मागं. एक राजा म्हणे उतरला न्हाई. घोडा पुढं दामटला. तशी पालखी जड झाली, उचलता उचलंना. राजा खाली आला, त्यानं स्वतः खांदा दिला, तवा कुठं हलली."

आमच्या गावात खंडोबाची पालखी होती. दसऱ्याला ती शिवेपार आपट्याच्या झाडापर्यंत जायची. पण आजेसासरे वारले आणि थोरले मामंजी व आमचे मामंजी या दोघा भावांत मानावरून फाटलं. थोरले म्हणायचे, पाटीलकी माझी, पालखीपुढं मी चालणार. आमचे म्हणायचे, पालखीचं सागवान आमच्या रानातलं, पुढं आम्ही. शेवटी पालखी देवळातच राहिली. पुढं रझाकारांची दहशत वाढली आणि मिरवणुकीचा विषयच गावानं सोडून दिला.

मग हैदराबादच्या निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत दसरा आला. यंदा पालखी काढायचीच, असं गावानं ठरवलं. दुपार कलली तशी देवळासमोर माणूस मावेना. वाजंत्री सज्ज, भंडाऱ्याची ताटं भरलेली. पालखी बाहेर येऊन टेकली आणि दोघं भाऊ तिच्या तोंडाशी समोरासमोर उभे राहिले.

"बाजूला हो," थोरले म्हणाले.

"काहून? राज बदललं, आता तुमची पाटीलकी कुठवर चालायची?" आमचे मामंजी म्हणाले.

थोरल्यांकडची माणसं पुढं सरकली, आमच्याकडचीही सरकली. आता हातघाई होणार असं वाटलं. मी आरतीचं ताट घेऊन बायांत उभी होते. शेजारून आत्याबाई केव्हा निघाल्या, मला कळलंही नाही. पाहिलं तर त्या दोघा भावांच्या मधे उभ्या होत्या.

थोरले त्यांचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. एवढ्या वर्षांत आत्याबाई त्यांच्याशी दाराआडूनच बोलल्या होत्या.

"राजा गेला तर आता तुमी दोघं राजे व्हाया निघालात का?" त्यांचा आवाज कापत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "मी राजांचा मुलूख पाहून आले, भावजी. तिथं ज्याला लोक बोलता देव म्हणायचे, तोबी पालखी आली की घोड्यावरून उतरायचा." आणि मग घोडा दामटणाऱ्या राजाची सगळी गोष्ट त्यांनी भर गावासमोर सांगितली. सांगून झाल्यावर नवऱ्याकडं वळल्या. "आन् तुमी? लाकूड आपलं म्हणून देव आपला झाला व्हय?"

थोरल्यांनी मिशीवरून बोटं फिरवली. आता ते आत्याबाईंना झिडकारणार, असं मला वाटलं.

"बाई," त्यांनी विचारलं, "खांदा दिल्यावर त्या राजाचं काय झालं? गादी गेली का ऱ्हायली?"

"ऱ्हायली की, भावजी. लोक त्याला जास्तच मानू लागले."

थोरल्यांनी पायातले जोडे काढले. धोतराचा सोगा खोचला, पुढचा दांडा धरला आणि भावाला हाक दिली, "ये. मागचा दांडा धर."

"मागचा काहून?" मामंजी पटकन म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्यांनाही हसू आवरेना. "बरं बाबा, तू पुढं लाग. मी मागं येतो."

मामंजींचे डोळे भरून आले. त्यांनी भावाचा हात धरून दांड्यावर आपल्या शेजारीच ठेवला. मागं तरणी पोरं लागली आणि पालखी उठली. त्या क्षणी "येळकोट येळकोट जय मल्हार!" असा गजर झाला की देवळावरची कबुतरं एकदम उडाली. भंडाऱ्यानं डोकी, पागोटी, बैलांची शिंगं, सगळं पिवळं झालं. पालखीपुढं कोणीच नव्हतं. मोकळी वाट होती आणि दोन्ही बाजूंनी हिरवीगार हळद.

बायांनी शिवेपर्यंतच जायचं, अशी रीत होती. शिवेवरच्या ओढ्याशी आम्ही थांबलो. तेवढ्यात थोरले मामंजी पालखीखालून मान वाकडी करून ओरडले, "बाई, तुमी काहून थांबून राहिल्या? पहिली फांदी तुमच्या हातानं तुटायची हाय!"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि सरळ ओढ्यात पाय घातला. त्यांच्या मागं मी, माझ्या मागं थोरल्या घरच्या जावा, मग सगळ्या. हिमालय पाहून आलेली ती बाई गुडघाभर पाण्यातून अशी चालली, जणू गावाचं राज्य तिनंच घेतलं होतं. आपट्याची फांदी तिनं कडकन मोडली, आणि पहिलं सोनं दोघा भावांच्या हातांवर ठेवलं.