मालक समोर बसल्याशिवाय

सुप्याच्या फाट्यावर आमचा एक मिस्तरी आहे. मोटारसायकल नुसती खोकली तरी ती कुठल्या साली कुठल्या खड्ड्यात आपटली ते हा सांगतो. त्याचा नियम एकच: मालक समोर स्टुलावर बसल्याशिवाय इंजिन खोलायचं नाही. कलेक्टर आला असता तरी स्टूल चुकलं नसतं.

त्याला वेड एका कादंबरीकाराचं. त्याची पुस्तकं मिस्तरीने इतक्यांदा वाचलीत, की ग्रीस लागून पानं आता आपोआप उलटतात. तो लेखक वारला. त्याने वीस वर्षं पेटीत दाबून ठेवलेली कादंबरी त्याच्या मुलांनी आता छापली. मिस्तरीने पहिल्याच दिवशी ती आणली आणि पान्यांच्या फळीवर ठेवून दिली. महिना झाला तरी उघडली नाही.

"वाच की लेका," मी म्हणालो.

"कशी वाचू, गुर्जी? त्यांनी सोता झाकून ठिवली हुती. खराब निघाली तर मानूस मनातनं उतरंल. आन मालक तर समोर न्हाई."

काल गेलो, तर स्टुलावर लेखकाचा पेपरातून कापलेला फोटो, चहाच्या कपाला टेकवलेला. कपात चहासुद्धा होता! मिस्तरी हात धुऊन वाचत बसला होता. त्याचे धुतलेले हात मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. बाहेर चार गाड्यांचे मालक त्याच्या नावाने शंख करत होते.

तिसाव्या पानावर त्याने फोटोकडे पाहिलं.

"जरा आवाज करतीय, साहेब. पन चालतीय की! उगं भ्यालात तुमी."